स्टीलची सायकल वर्षभर उभी ठेवायची आहे? ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत गंज रोखायची पद्धत

बदली झाली, गुडघ्याने संप पुकारला, मुलाची दहावी आली. कारण काहीही असो, सायकल सहा महिने ते दोन वर्षं उभी राहणार आहे. बहुतेक लोक अशा वेळी ती पुसतात, वर प्लास्टिकचं कव्हर चढवतात आणि दोरीने गच्च बांधून टाकतात. आपल्याकडच्या हवेत स्टीलची फ्रेम घालवायचा याहून खात्रीचा उपाय नाही. सायकल कोरडी करणं, नळ्यांच्या आतून थर देणं आणि तिला हवा लागू देणं ही खरी तीन कामं. बाकीचं सगळं त्यांच्या आधाराने चालतं.

हवेचं गणित

हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या स्टीलवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंज सुरू होतो. इथे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. मे महिन्यात आपण "कोरडं कडक ऊन" म्हणतो, तेव्हाही ती ६५-७० च्या आसपास फिरत असते. त्यात खाडी आणि घाम यांचं मीठ. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. म्हणजे फ्रेमवर मिठाचा अंश राहिला असेल तर पंख्याखाली "कोरडी" वाटणारी सायकलही प्रत्यक्षात ओलीच असते. पाम बीच रोडवर किंवा घोडबंदरला रोज घाम गाळणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं.

१. फ्रेम स्टीलची आहे का, ते पाहा

फ्रिजवरचं चुंबक काढून प्रत्येक नळीला लावा. चिकटलं तर स्टील. चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग) वेगळा तपासा, कारण ॲल्युमिनियमच्या फ्रेमला स्टीलचा चिमटा असणं अगदी नेहमीचं आहे.

"माझी क्रोमोलीची आहे, तिला गंज लागत नाही" हा गैरसमज फार पसरलेला आहे. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) स्टेनलेस नव्हे, ती साध्या स्टीलसारखीच गंजते. उलट तिच्या नळ्या पातळ असतात. चांगल्या फ्रेममध्ये नळीच्या मधल्या भागाची जाडी ०.६ मिमीपर्यंत खाली येते, त्यामुळे तेवढाच गंज जास्त नुकसान करतो.

२. सामान

- अ‍ॅलन कीचा संच, १५ चा पाना (पॅडल आणि चाकांसाठी) आणि तुमच्या बीबीला (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेमच्या तळाशी पॅडलचा आस फिरतो तो भाग) लागणारं हत्यार. बीबी उघडायचा नसेल तर ते नको.
- पॉलिश पेपर: १२०, २४० आणि ४०० नंबर
- टर्पेंटाइन अर्धा लिटर
- मेटल प्रायमर (रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट) आणि फ्रेमच्या रंगाशी जुळणारा इनॅमल, दोन्हींचे सर्वांत छोटे डबे
- डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, २०० मिली. पेंटच्या दुकानात मिळतं. किराणा दुकानातलं खायचं जवस तेल चालत नाही, ते वाळायला फारच वेळ घेतं.
- २० मिलीची सिरिंज आणि फिश टँकची हवेची बारीक नळी, फूटभर
- ग्रीस, ९० नंबरचं गिअर ऑइल, कारला लावतात ते पेस्ट वॅक्स
- जुने सुती कपडे, इलेक्ट्रिकची टेप, पाण्याची बादली (ती कशाला, ते सातव्या पायरीत)
- आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. स्वस्तात मिळतो आणि पुढचे कितीतरी अंदाज वाचवतो.

कागदपत्रं म्हणाल तर एकच काम आहे. सायकल उलटी करून बीबीच्या खाली ठोकलेला फ्रेम नंबर शोधा, त्याचा फोटो काढा आणि बिलाच्या फोटोशेजारी ठेवून द्या. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) ठेवणार असाल तर सेक्रेटरींना लेखी कळवा. वर्षभर न हललेली सायकल सफाई मोहिमेत "बेवारस" ठरून भंगारात जाते, आणि तसं झालं तर गंजाचा प्रश्नच उरत नाही.

३. वेळ: मे महिना

मुंबई परिसरात मान्सून यायची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतायची ८ ऑक्टोबर. रंग आणि जवस तेल वाळायला निदान आठवडा हवा, म्हणून हे काम मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उरका. पावसाळ्यातच निघायची वेळ आली तर रंगकाम टाळा. ओलसर हवेत मारलेल्या रंगाखाली ओल अडकते आणि दोन महिन्यांत त्याचे फुगे येतात.

४. धुणं

आधी फ्रेमवर अडकवलेलं सगळं उतरवा: कुलपाचा क्लॅम्प, दिव्याचा रबरी पट्टा, वरच्या नळीवरची पिशवी, बाटलीचा स्टँड. त्यांच्या खाली घाम साचतो आणि पहिला गंज तिथेच दिसतो. सायकल ऑनलाइन मागवली असेल आणि नळ्यांवरचं फोम किंवा प्लास्टिक "ओरखडे नकोत" म्हणून तसंच ठेवलं असेल, तर तेही आज फाडा.

बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. स्टेमच्या (हॅण्डल धरणारा तुकडा) स्क्रूंभोवती, हेड ट्यूबवर (हॅण्डलखालची पुढची छोटी नळी) आणि वरच्या नळीच्या खालच्या अंगाला जास्त हात फिरवा, कारण घाम ओघळून तिथे थांबतो. शेवटचं पाणी मात्र महापालिकेचंच हवं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी खारट असू शकतं. त्याने धुऊन वाळवलं तर जे काढायला निघालात तेच परत लावून ठेवाल.

गॅरेजमधला प्रेशर पंप वापरू नका. तो छर्ऱ्यांमधलं ग्रीस हटवून तिथे पाणी कोंबतो.

५. वाळवणं आणि आतलं पाणी काढणं

सीट पोस्ट (सीटची दांडी) किती वर होती, तिथे टेपची खूण करून ती बाहेर काढा. बाटलीच्या स्टँडचे स्क्रूही काढा, त्यांच्या भोकांतूनही पाणी आत जातं. आता सायकल पुढचं चाक वर करून उभी टेका, मग मागचं चाक वर करून, मग पूर्ण उलटी. प्रत्येक स्थितीत दहा मिनिटं. सीट ट्यूबमधून (सीट पोस्ट जिच्यात बसते ती नळी) तांबूस पाणी आलं तर गंज आत पोचलेला आहे हे समजा. घाबरू नका, पण सातवी पायरी टाळायची मुभा तुम्हाला राहिली नाही.

पाणी साचतं ते मुख्यतः बीबीच्या डब्यात, कारण बहुतेक नळ्यांचा उतार तिकडेच असतो. काही फ्रेमना बीबीच्या तळाशी निचऱ्याचं छोटं भोक दिलेलं असतं. त्यात माती अडकलेली असेल तर काडीने मोकळी करा. नसेल तर ड्रिल घेऊन नवं पाडायची घाई नको. वॉरंटी असेल तर ती जाते, आणि केबलच्या पट्टीखाली किंवा आट्यांजवळ पाडलेलं भोक त्रासाचं ठरतं.

यानंतर दोन दिवस कडक उन्हात नाही, तर सावलीत पंख्यापुढे ठेवा. सीट ट्यूबचं तोंड पंख्याकडे असू द्या.

६. रंगाचे टवके

फ्रेमवरून नखाने दाबत जा. रंग दबला किंवा कुरकुरला तर त्याच्या खाली गंज आहे. गंज मूळ स्टीलपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंग आतून उचलतो. असा उचललेला रंग वरून झाकून काही उपयोग नाही.

फुगा पूर्ण खरवडा. १२० ने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत जा, मग २४०, मग कडेचा रंग ४०० ने उतरता करा. टर्पेंटाइनने पुसा, तासभर थांबा, प्रायमरचा एक पातळ हात, एक रात्र, मग इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये परत एक रात्र. घासलेला धातू उघडा ठेवून जेवायला जाऊ नका, प्रायमर त्याच बैठकीत लागला पाहिजे. खड्ड्यात रुतलेला गंज घासून निघत नसेल तर फॉस्फरिक आम्ल असलेलं रस्ट कन्व्हर्टर लावा. गंज काळा पडला की वाळू द्या आणि त्यावर प्रायमर. ते आट्यांमध्ये किंवा छर्ऱ्यांजवळ जाऊ देऊ नका. तांदळाच्या दाण्याएवढ्या टवक्याला नेलपॉलिश पुरतं, रंग जुळला नाही तरी.

बीबीच्या आसपास आणि मागच्या खालच्या नळ्यांवर नाण्याने टिचकी मारून ऐका. एखाद्या जागी आवाज बद्द आला, किंवा खरवडताना भोक पडलं, तर ती नळी खलास झाली आहे. तिला पुट्टी भरून रंगवू नका, ती चालवताना तुटेल. पितळेचा जोड देणाऱ्या चांगल्या गॅसवेल्डरला दाखवा. साध्या आर्क वेल्डिंगने इतकी पातळ नळी जळते.

७. नळ्यांच्या आतून थर

सगळ्यात जास्त फायदा देणारी पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

आधी ठरवा किती खोल जायचं. सायकल एका पावसाळ्यापुरती, घरातच उभी राहणार असेल तर फक्त सीट ट्यूब आणि चिमट्याची नळी पुरे. वर्षाच्या वर जाणार असेल किंवा आतून तांबूस पाणी आलं असेल, तर चाकं, क्रँक (पॅडलचे दांडे), बीबी, हॅण्डल आणि चिमटा सगळं उतरवून नुसती फ्रेम हातात घ्या. क्रँक कॉटर पिनने (आडव्या खिळीने) अडकवलेल्या जुन्या सायकलींमध्ये पिन हातोडीने ठोकून काढताना वाकते, ते काम सायकलवाल्याकडून करून घ्या.

जवस तेल का? ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि वार्निशसारखा पापुद्रा बनतो. मशीनचं तेल ओलं राहतं, उताराने हळूहळू खाली येतं आणि वरचा भाग उघडा पडतो. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठीचं द्रव्य आहे. पाचव्या पायरीनंतर आतली उरलीसुरली ओल काढायला ते छान, पण त्याचा पातळ थर वर्षभर टिकेल असं धरू नका. खोबरेल तर अजिबात नको. ते खवट होतं, त्यात आम्लं तयार होतात, आणि झुरळांची सोय होते ती वेगळीच.

कृती:

अ) नळ्यांना असलेली बारीक भोकं शोधा. मागच्या नळ्यांवर चाकाच्या जागेजवळ ती बहुतेक वेळा असतात, वेल्डिंगच्या वेळी गरम हवा बाहेर पडावी म्हणून दिलेली. एक सोडून बाकीच्यांवर टेप लावा.

आ) बीबीच्या आणि हेड ट्यूबच्या आट्यांवर ग्रीसचा हात द्या, म्हणजे तेल तिथे वाळून चिकटणार नाही.

इ) सिरिंजला नळी जोडून मोठ्या तीन नळ्यांत प्रत्येकी १५ ते २० मिली आणि मागच्या चार बारीक नळ्यांत प्रत्येकी ५ मिली तेल सोडा. बाटलीच्या स्टँडच्या भोकांमधूनही सोडता येतं. चिमट्याच्या उभ्या नळीत १० मिली. ही नळी खालून उघडी असते, पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट तिच्यात जातं, तरी तिच्याकडे कोणी बघत नाही.

ई) फ्रेम हातात धरून सगळ्या बाजूंनी हळूहळू फिरवा, पाच मिनिटं. हलवल्यावर तेलाचा आवाज एका नळीतून दुसरीत जाताना ऐकू येतो.

उ) सगळ्या टेप काढा. फ्रेम बीबी खाली येईल अशी वर्तमानपत्रावर टांगा. जास्तीचं तेल दिवसभर ठिबकतं. दुसऱ्या दिवशी उलटी टांगा. ठिबकू न देता तेल तसंच ठेवलं तर तळाशी चिकट गोळा बनतो आणि निचऱ्याचं भोक बुजतं.

ऊ) आठवडाभर वाळू द्या. तेलरंगासारखा वास येत राहील, ते ठीकच आहे. वाळल्यावर आटे आणि छर्ऱ्यांच्या वाट्यांच्या जागा टर्पेंटाइनने पुसून सायकल जोडा.

बीबी न काढता, फक्त सीट ट्यूबमधून तेल सोडणार असाल तर १० मिलीच्या वर जाऊ नका. उघड्या छर्ऱ्यांच्या बीबीत तेल गेलं तर आधी ते ग्रीस पातळ करतं आणि मग स्वतःच चिकट होऊन बसतं.

आता ती बादली. जवस तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकलं, तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लावायची गरज नसते. वापरलेलं प्रत्येक फडकं लगेच पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा एकेक करून बाहेर दोरीवर सपाट पसरून कडक वाळू द्या, आणि मगच टाका. ठिबकलेलं वर्तमानपत्रही तसंच. एवढी एक गोष्ट पाळायची नसेल तर ही पायरी करूच नका.

८. बाहेरून

रंगवलेल्या भागावर पेस्ट वॅक्सचे दोन हात, मध्ये अर्धा तास. क्रोमचे भाग म्हणजे हॅण्डल, स्टीलचे रिम, मडगार्डच्या तारा यांना सुईच्या टोकाएवढी भोकं असतात आणि गंज तिथून डोकावतो. तो पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने निघतो. पुसून, वाळवून तिथेही वॅक्स. रिमची ब्रेक लागते ती पट्टी, ब्रेकचे रबर आणि डिस्क यांच्यापासून वॅक्स-तेल दूर ठेवा.

सीट पोस्टला ग्रीसचा जाडसर हात देऊन खुणेपर्यंत परत बसवा. पोस्ट ॲल्युमिनियमची आणि फ्रेम स्टीलची असेल तर हे विसरूच नका. दोन धातू ओलीत एकमेकांना भिडले की असे जाम होतात की पुढे करवतीने कापून काढावं लागतं. स्टेमचंही तेच, आणि बाटलीच्या स्टँडचे स्क्रूही ग्रीस लावूनच परत घट्ट करा, नुसती भोकं उघडी ठेवू नका.

९. चेन, छर्रे, टायर

चेन टर्पेंटाइनने धुऊन पूर्ण वाळवा, मग ९० नंबरचं ऑइल प्रत्येक कडीवर एक थेंब आणि वरचं पुसून टाका. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वात चेन भिजवण्याचे व्हिडिओ बघून तसं करू नका. आम्लाने कठीण स्टील ठिसूळ होतं आणि चेन चढावर तुटते. हब (चाकाचा मधला भाग) आणि हेडसेटमध्ये (हॅण्डल फिरतं तिथले छर्रे) नवं ग्रीस भरलं तर उत्तम. टायरमध्ये निम्मी हवा ठेवा.

१०. जागा

इतकी मेहनत केल्यावर लोक सायकल ड्राय बाल्कनीत नेतात. तिथे वॉशिंग मशीनची वाफ असते, आणि बहुतेक घरांत संडास साफ करायच्या ॲसिडची बाटलीही. त्या बाटलीचं झाकण लावलेलं असलं तरी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ झिरपते आणि शेजारच्या लोखंडावर काही आठवड्यांत तांबडी लव दिसू लागते. ब्लीचिंग पावडर आणि इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरीही त्याच पंक्तीतली. सायकल आणि या वस्तू वेगळ्या खोल्यांत हव्यात.

घरात पर्याय असतील तर पसंतीचा क्रम असा लावा:

- आतल्या भिंतीला लागून हॉल किंवा पॅसेज. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पावसाचा मारा येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा.
- बेडरूममध्ये छताचा हुक, रबर चढवलेला. रोज रात्री एसी चालत असेल तर चांगलंच. मात्र थंडगार सायकल एकदम बाहेरच्या दमट हवेत नेली की तिच्यावर दव धरतं, तेव्हा बाहेर नेताना आधी एसी बंद करून तासभर थांबा.
- स्टिल्टमधला मधला, पावसाची झड न पोचणारा खांब. टायरखाली लाकडी फळी ठेवा, सिमेंटची जमीन ओल सोडते.
- बंद माळा, गच्चीवरची टाकीखोली, तळघर: शेवटचा पर्याय, आणि तिथे मीटर ठेवल्याशिवाय नको.

कव्हर घालायचंच असेल तर जुनी सुती चादर, खालून मोकळी. प्लास्टिकचं किंवा रेक्झिनचं गच्च कव्हर रात्रीच्या गारव्यात आतून ओलं होतं आणि ती ओल बाहेर पडत नाही. कारखान्यांत सुटे भाग गुंडाळायला वापरतात ती व्हीसीआय प्लास्टिकची पिशवी हा एकमेव अपवाद. तिच्यातलं रसायन वाफ होऊन धातूवर बसतं, म्हणून ती मात्र हवाबंदच ठेवावी लागते, आणि आत जाणारी सायकल पूर्ण कोरडी असावी लागते.

कपाटात ठेवतात त्या ओल शोषणाऱ्या डब्यांपासून सावध राहा. पांढरे दाणे आणि खाली जमणारं पाणी, असा डबा असेल तर ते दाणे कॅल्शियम क्लोराइडचे असतात आणि खाली जमतं ते त्याचं खारट द्रावण. तो डबा फ्रेमवर कलंडला तर पावसात सोडलेली सायकल परवडली. सिलिका जेल सुरक्षित आहे, पण उघड्या खोलीत त्याचा उपयोग शून्य. ते फक्त बंद पिशवीतच काम करतं.

११. मधली तपासणी

महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. कोणाला तरी किल्ली देऊन जा आणि एवढंच सांगा: चाकं अर्धा फेरा फिरवून ठेवा, कोरड्या कापडाने पुसा, सीटखाली आणि बीबीखाली बोट फिरवा. बोटाला तांबडं लागलं तर तिथे वॅक्सचा हात. मीटर सतत ८० च्या वर असेल तर जागा बदला. गणपतीत घरी येणार असाल तर तेव्हा सीट पोस्ट एकदा काढून आत टॉर्च मारा. आतला थर तांबूस-पिवळा आणि चकचकीत दिसला पाहिजे. मॅट तपकिरी पावडर दिसली तर ऑक्टोबरमध्ये सातवी पायरी पुन्हा करावी लागेल.

१२. परत बाहेर काढताना

टायरमध्ये पूर्ण हवा भरून एक रात्र ठेवा. सकाळी हवा उतरलेली असेल तर ट्यूब किंवा वॉल्व्ह बघा. रिमची ब्रेकची पट्टी आणि डिस्क स्पिरिटने पुसा, वॅक्सचा अंश राहिला तर ब्रेक लागत नाहीत. ब्रेकची केबल ओढून बघा. ती आत अडखळत असेल तर बदला, आतून गंजलेल्या केबलला तेल पाजण्यात वेळ घालवू नका. चेनवरचं जुनं ऑइल धूळ धरून बसलेलं असतं, ते पुसून नवं लावा. पहिली फेरी सोसायटीच्या आवारात, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून. येऊरचा उतार दुसऱ्या दिवशी.